कपाळावरची आठी आणि कॉम्प्युटर: यंत्र भावना कशा ओळखतं

दुपारी दोनच्या उन्हात एक माणूस एसटी स्टँडवर उभा राहून गाडीची पाटी वाचतोय. भुवया खाली आलेल्या, डोळे बारीक, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. शेजारच्या प्रवाशाला बघताक्षणी कळतं, की याच्या डोळ्यांवर ऊन येतंय आणि पाटीवरची अक्षरं पुसट झालीयेत. याच चेहऱ्याचा फोटो भावना ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला तर उत्तर 'राग' असं येण्याची बरीच शक्यता आहे. सॉफ्टवेअरने भुवया अगदी बरोबर वाचलेल्या असतात. ऊन आणि पाटी मात्र त्याला दिसलेली नसते.

ही गोष्ट मांडायला नाट्यशास्त्रातले दोन शब्द फार उपयोगी पडतात. भाव ज्यामुळे जागा होतो त्या कारणाला भरतमुनी विभाव म्हणतात, आणि तो भाव अंगावर, चेहऱ्यावर, आवाजात ज्या खुणांनी उमटतो त्यांना अनुभाव. रंगमंचावर दोन्ही समोर असतात, म्हणून प्रेक्षकाला नटाच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं आहे हे कळतं. कॅमेरा, माइक आणि मनगटावरचं घड्याळ यांच्या हाती लागतात ते फक्त अनुभाव. विभाव बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर राहतो. ही यंत्रं कुठे भरवशाची आहेत आणि कुठे नाहीत, याचा उलगडा बराचसा या एका फरकातून होतो.

चेहऱ्याची बाराखडी

चेहरा वाचणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या मुळाशी १९७८ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेली एक पद्धत आहे. चेहऱ्याचे स्नायू हलले की वर काय बदल दिसतो, याला त्यांनी क्रमांक दिले. या प्रत्येक हालचालीला ॲक्शन युनिट म्हणतात. १ म्हणजे भुवईचं आतलं टोक वर जाणं, २ म्हणजे बाहेरचं टोक वर जाणं, ४ म्हणजे भुवया खाली येऊन एकमेकींकडे सरकणं. ६ मध्ये गाल वर चढतात आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. १२ मध्ये ओठांचे कोपरे वर ओढले जातात, १५ मध्ये खाली. मनापासूनच्या हसण्यात ६ आणि १२ एकत्र येतात, फोटोपुरत्या हसण्यात बऱ्याचदा नुसता १२ असतो. हे निरीक्षण १८६२ मध्ये फ्रान्सच्या द्युशेन या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

ही यादी हालचालींची आहे. '४ म्हणजे राग' असं त्या क्रमांकात कुठेच लिहिलेलं नाही. हालचालीवर भावनेचं नाव चिकटवणं ही नंतरची, वेगळी पायरी आहे आणि बहुतेक गोंधळ त्याच पायरीवर होतो.

आता कॉम्प्युटर काय करतो ते क्रमाने पाहू. आधी फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एका चित्रात, चेहरा कुठे आहे ते शोधून त्याच्याभोवती चौकोन आखला जातो. मग डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठांच्या कडा अशा ठरावीक जागांवर ठिपके बसवले जातात. जुन्या, अजूनही चालणाऱ्या पद्धतीत असे ६८ ठिपके असतात. मोबाइलवर चालणाऱ्या गूगलच्या मीडियापाइप या साधनात ते ४६८ आहेत. त्यानंतर दोन्ही डोळे एका आडव्या रेषेत येतील असा चेहरा फिरवून, कापून, ठरावीक मापाचा केला जातो. हा तुकडा न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या गणिती रचनेत जातो आणि दुसऱ्या टोकाला आकडे येतात. समजा राग ०.४१, दुःख ०.३३, निर्विकार ०.१५, बाकीच्यांत मिळून ०.११. या आकड्यांची बेरीज नेहमी १ येते, कारण नेटवर्कची शेवटची पायरी तशीच रचलेली असते. म्हणजे 'यातलं काहीच नाही' किंवा 'मला कळत नाही' असं म्हणायची सोय तिथे मुळात नसते. भिंतीवरच्या डागाचा चुकून चेहरा समजला गेला तरी त्या डागालाही कुठली ना कुठली भावना मिळते. आणि ०.४१ चा अर्थ '४१ टक्के रागावलेला' असा होत नाही. यादीतल्या पर्यायांपैकी मॉडेलचा, म्हणजे शिकून तयार झालेल्या नेटवर्कचा, कल कुठे किती, एवढंच तो आकडा सांगतो. दोन आकडे एवढे जवळ असतील तर उत्तर दाखवूच नये, पण बाजारातली कित्येक ॲप सगळ्यांत मोठा आकडा उचलून त्याचा इमोजी करून मोकळी होतात.

नेटवर्क शिकतं ते आधीच नावं दिलेल्या फोटोंवरून. २०१३ मध्ये एका स्पर्धेसाठी तयार झालेला 'फेर २०१३' हा संच आजही कॉलेजच्या प्रोजेक्टांत सर्रास वापरला जातो. त्यात ३५,८८७ फोटो आहेत, प्रत्येक ४८ बाय ४८ पिक्सेलचा आणि कृष्णधवल. एका चेहऱ्यामागे जेमतेम २,३०४ पिक्सेल झाले. फोटो इंटरनेटवर भावनांशी निगडित शब्द शोधून गोळा केलेले आहेत, त्यामुळे जाहिरातीतली आणि मुद्दाम काढलेली तोंडं त्यात भरपूर. आनंदाचे ८,९८९ फोटो आणि किळसेचे फक्त ५४७. असा संच शिकलेलं मॉडेल आनंद चटकन ओळखतं आणि किळस रागात ढकलतं, यात नवल नाही. त्याच संचावर माणसांना बसवलं तेव्हा त्यांची अचूकता ६५ टक्क्यांच्या आसपास आली होती. त्यामुळे या संचावर ७०-७२ टक्के मिळवून 'माणसापेक्षा सरस' असं कुणी लिहिलं, की त्याचा खरा अर्थ फोटोंवरची नावंच धड नाहीत असा घ्यायचा.

रोजच्या वापरात काय बिघडतं, याचं एक उदाहरण आरशासमोर उभं राहून पाहता येईल. 'नाही' म्हणा आणि शेवटच्या 'ई'वर थांबा: ओठ आडवे ताणले जातात, कोपरे बाजूला सरकतात. 'हो' म्हणा: ओठ गोल होतात. बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओतली अशी एकेक फ्रेम उचलली तर 'नाही' हसरं निघतं आणि 'हो' आश्चर्यचकित. म्हणून चांगल्या प्रणाली एका फ्रेमवर निकाल देत नाहीत. दोन-तीन सेकंदांच्या, म्हणजे साठ ते नव्वद फ्रेमच्या उत्तरांची सरासरी घेतात, आणि माणूस बोलत असेल तेवढ्या वेळात ओठांपेक्षा भुवया आणि डोळ्यांवर जास्त भर देतात.

उजेडाचा त्रास वेगळाच. मागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो आणि ठिपके घसरतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचं सेटिंग ६० हर्ट्झवर राहिलं असेल तर चित्रात आडवे पट्टे फिरतात. डोकं एका बाजूला तिसेक अंशांपेक्षा जास्त वळलं की ओठाचा एक कोपरा दिसेनासा होतो, आणि जाड मिशीखाली १२ आणि १५ दोन्ही लपतात. कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये बाजारातल्या चेहरा-सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाल्या, सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. भावना ओळखणं त्याहून कितीतरी नाजूक काम आहे. त्यामुळे आपल्या लोकांवर आपण स्वतः तपासल्याशिवाय बाहेरून आणलेलं मॉडेल कामाला लावू नये.

या सगळ्यावर उपाय सापडले, तरी मूळ अडचण उरतेच. २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी या विषयावरचं पूर्वीचं संशोधन चाळून मोठा आढावा लिहिला. रागावलेली माणसं भुवया आवळतात ती सरासरी ३० टक्क्यांपेक्षाही कमी वेळा, असा त्यातला एक निष्कर्ष आहे. उरलेल्या वेळी ती गप्प बसतात, हसतात, रडतात, भांडी आपटतात. आणि ज्यांनी भुवया आवळल्यात त्यांच्यातही कित्येक जण विचारात गढलेले असतात, कुणाचं पोट दुखत असतं, कुणाला चष्मा लागलेला असतो.

आवाज आणि शब्द

तक्रार नोंदवायला फोन केला की 'हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो' असं ऐकू येतं. काही ठिकाणी त्या रेकॉर्डिंगवर भावना मोजणारं सॉफ्टवेअरही चालतं. ते आवाजाचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे करतं, दर १० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर. प्रत्येक तुकड्यात आवाजाची पट्टी, जोर, कंप आणि स्वराचा पोत मोजला जातो. पुरुषांच्या बोलण्याची पट्टी साधारण ८५ ते १८० हर्ट्झ, स्त्रियांची १६५ ते २५५. म्हणून नुसता आकडा निरुपयोगी असतो. त्याच माणसाच्या कॉलच्या पहिल्या मिनिटाशी तुलना करून पट्टी किती चढली ते पाहावं लागतं. जोराचंही तसंच. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, तर चिडलेलं गिऱ्हाईक सौम्य वाटतं. शेतातून, रहदारीतून किंवा गिरणीच्या आवाजात बोलणारा माणूस मोठ्यानेच बोलतो, त्यात राग कुठेच नसतो.

आवाज एक गोष्ट चांगली सांगतो: माणूस तापलाय की थंड आहे. राग आणि आनंद या दोन्हींत पट्टी चढते, वेग वाढतो, जोर येतो. दुःख आणि थकवा या दोन्हींत उलट होतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या, एक उत्तेजनेचा आणि दुसरा सुखद-दुःखदचा. आवाजावरून पहिला अक्ष बराच कळतो, दुसरा फार कमी. लॉटरी लागलेला आणि बिल दुप्पट आलेला, दोघंही यंत्राला जवळपास सारखे ऐकू येतात. म्हणून आवाजाला शब्दांची जोड द्यावी लागते.

आवाजाच्या मॉडेलचं शिक्षण बऱ्याचदा नटांवर होतं. टोरांटोत रेकॉर्ड केलेल्या रॅव्हडेस या प्रसिद्ध संचात २४ नट 'मुलं दाराशी बोलताहेत' आणि 'कुत्री दाराशी बसली आहेत' अशा अर्थाची दोनच इंग्रजी वाक्यं वेगवेगळ्या भावनांत म्हणतात. स्टुडिओत, कोऱ्या शांततेत. तिथून उठून हे मॉडेल डोक्यावर पंखा फिरत असलेल्या, मागे टीव्ही चालू असलेल्या घरातलं मराठी ऐकायला बसतं. त्यात टेलिफोनची जुनी लाइन ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पुढे जाऊ देते. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवर जे बारकावे शिकले त्यातले कित्येक फोनवर पोचतच नाहीत.

प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. संचाचे शिकण्याचे आणि तपासण्याचे भाग पाडताना वाक्यांनुसार पाडू नका, माणसांनुसार पाडा. एकाच नटाची काही वाक्यं इकडे आणि काही तिकडे गेली, की मॉडेल भावनेऐवजी त्या नटाची लकब ओळखायला शिकतं. नव्वदीतली अचूकता कागदावर चमकते आणि अनोळखी आवाजासमोर कोसळते.

शब्दांचं काम वरवर सोपं वाटतं. 'चांगलं', 'मस्त', 'आवडलं' एका बाजूला आणि 'वाईट', 'फालतू', 'वैताग' दुसऱ्या बाजूला मोजायचे. मराठी वाक्य या युक्तीला पहिल्याच फटक्यात पाडतं. 'जेवण चांगलं होतं असं काही म्हणता येणार नाही' या वाक्यात गोड शब्द सुरुवातीला आहे आणि त्याला फिरवणारा 'नाही' थेट टोकाला. पूर्ण वाक्य एकदम पाहणारी आजची मॉडेलं हा 'नाही' पकडतात. पण 'वा, काय दिवे लावलेस!' किंवा 'छान! आजही पाणी नाही' यांच्यापुढे तीही अडखळतात. शिवाय 'रागावल्यासारखा', 'रागावलीच', 'रागानं' अशी एकाच मुळाची दहा रूपं, 'नाही'चं 'नाय' आणि 'न्हाई', आणि व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२१ मध्ये मराठी ट्विट्सचा सुमारे १६,००० वाक्यांचा संच खुला केला, ही मोठी सोय झाली. प्रत्येक ट्विटवर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ अशी खूण आहे. मात्र हा कल झाला, भावना नव्हे. राग, भीती आणि दुःख तिन्ही 'नकारात्मक'च्या एकाच पेटीत पडतात. आणि इस्पितळाच्या हेल्पलाइनवर घाबरलेला माणूस आणि चिडलेला माणूस यांना वेगवेगळी वागणूक द्यावी लागते.

घाम आणि चेहऱ्याचा रंग

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ (ताठरणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथू (कापरं), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग बदलणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). ठरवून आणणं कठीण अशा शरीराच्या या खुणा. आजच्या सेन्सरांची यादी पाहिली तर आश्चर्य वाटतं, कारण ती बरीचशी हीच आहे. बोटांच्या कातडीतून अगदी क्षीण वीज सोडून घामामुळे ती किती सहज वाहते ते मोजलं, की तो स्वेद. दचकल्यावर एक ते तीन सेकंदांत हा आलेख वर चढतो. साध्या कॅमेऱ्याने चेहऱ्याच्या रंगातला डोळ्याला न जाणवणारा बदल टिपून नाडी मोजतात, तो वैवर्ण्याचा धागा. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून चित्रातला हिरवा भाग वेगळा काढून पाहतात. माणूस हलला किंवा ट्यूबलाइट लुकलुकली की हा नाजूक आलेख लगेच बिघडतो. आणि घाम परीक्षेच्या भीतीने येतो तसाच झणझणीत मिसळीनेही येतो. घड्याळ 'ताण वाढला' म्हणतं तेव्हा त्याला एवढंच म्हणायचं असतं, की शरीर तापलंय.

पापणी मात्र खरं सांगते

या सगळ्या कुटुंबात सगळ्यांत भरवशाचं काम गाडीतला कॅमेरा करतो. ड्रायव्हरला डुलकी लागतेय का, एवढंच तो पाहतो. ही खरं तर भावना नाही, शरीराची अवस्था आहे, आणि म्हणूनच ती मोजता येते.

डोळ्यावर सहा ठिपके बसवतात: दोन कोपऱ्यांवर, दोन वरच्या पापणीवर, दोन खालच्या. दोन्ही उभ्या अंतरांची बेरीज करायची आणि आडव्या अंतराच्या दुपटीने भागायची. डोळा ४० पिक्सेल रुंद आणि दोन्ही उभी अंतरं १२ असतील तर २४ भागिले ८०, म्हणजे ०.३०. डोळा मिटला आणि अंतरं ३ वर आली तर ६ भागिले ८०, म्हणजे ०.०७५. चेहरा कॅमेऱ्याच्या जवळ असो वा लांब, हे गुणोत्तर फारसं बदलत नाही, ही त्यातली खरी गंमत. साधी उघडझाप सेकंदाच्या दहाव्या भागापासून चार दहाव्या भागापर्यंत टिकते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ३ ते १२ फ्रेम. दीड-दोन सेकंद आकडा खालीच राहिला की गजर वाजवायचा. त्याच्याही आधी सावध करायचं तर मिनिटभराच्या १,८०० फ्रेमपैकी किती फ्रेममध्ये पापणी ८० टक्क्यांहून जास्त मिटलेली होती ते मोजतात. २७० निघाल्या तर ते १५ टक्के झाले, आणि चहाला थांबायची वेळ आली.

याच्याही खोडी आहेत. मुळात बारीक डोळ्यांच्या माणसाचा उघडा डोळाच ०.२२ भरतो, त्यामुळे सगळ्यांना एकच मर्यादा लावली तर गजर सारखा कोकलतो आणि ड्रायव्हर त्यावर चिकटपट्टी लावतो. पहिल्या काही मिनिटांत त्या ड्रायव्हरचा नेहमीचा आकडा शिकून घेणं हा त्यावरचा उपाय. मोठ्याने हसताना डोळे आक्रसतात. मीटरकडे खाली पाहिलं की वरची पापणी उतरते आणि डोळा मिटल्यासारखा वाटतो, म्हणून मान किती झुकलीय तेही सोबत पाहावं लागतं. रात्रीसाठी अवरक्त (इन्फ्रारेड) दिवा असतो, बहुधा ९४० नॅनोमीटरचा. तो डोळ्याला दिसत नाही आणि बऱ्याच गॉगलांच्या काचांमधून आरपार जातो, सगळ्यांच्या नाही.

आकडेवारी विचारताना

कुणी 'आमची अचूकता ९५ टक्के' म्हणालं, की कागद-पेन घ्यावं. समजा दिवसाला १,००० कॉल आले आणि त्यात खरोखर चिडलेले ५० आहेत. डोळे मिटून प्रत्येक कॉलला 'शांत' म्हणणारं यंत्रसुद्धा ९५ टक्के अचूक ठरतं. आता खरं यंत्र घ्या. ते ५० पैकी ८० टक्के, म्हणजे ४० कॉल पकडतं, आणि उरलेल्या ९५० शांत कॉलपैकी १० टक्के, म्हणजे ९५ कॉल चुकून चिडलेले ठरवतं. सुपरवायझरच्या यादीत १३५ नावं येतात आणि त्यातली ४० खरी, तीसएक टक्के. पुन्हा फोन करून विचारपूस करायला ही यादी चालून जाईल. पण त्याच यादीवरून कॉल घेणाऱ्या मुलीचा पगार कापला, तर दर दहातले सात कॉल तिच्यावर अन्यायाचे.

अशी चूक माणसाच्या पोटावर येते, म्हणूनच पुढच्या घडामोडी महत्त्वाच्या. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं जाहीर केलं. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत चेहरा, आवाज यांसारख्या शारीरिक खुणांवरून भावनांचा अंदाज बांधायला बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. वेदना आणि थकवा यांना हा कायदा भावना मानतच नाही, त्यामुळे ड्रायव्हरची डुलकी ओळखणं या बंदीत येत नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात भावना ओळखण्याबद्दल वेगळं कलम नाही, पण ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी डेटा वापरायचा हे तत्त्व त्यात आहे. ऑफिसात हजेरीसाठी लावलेला चेहऱ्याचा कॅमेरा मूड टिपायला लागला, तर पहिला प्रश्न याच तत्त्वावर विचारायचा: मी संमती कशाला दिली होती?

तुमच्या मोबाइलवर असं एखादं ॲप असेल तर दहा मिनिटांत त्याची परीक्षा घेता येते. खिडकीकडे तोंड करून निर्विकार बसा आणि आकडे लिहून घ्या. मग खिडकीकडे पाठ करून तेच. मग 'ई' आणि 'ओ' तीन-तीन सेकंद धरून ठेवा, चष्मा काढून भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक तिथी वाचायचा प्रयत्न करा, आणि शेवटी अंधारात टॉर्च हनुवटीखालून मारा. या सगळ्या वेळात तुमच्या मनात काही फरक पडलेला नसेल. आकड्यांत किती पडला, ते वहीत उतरलेलं असेल.